माणशी २४० रुपयांची हुरडा पार्टी, आणि तिचा खरा हिशोब

कुणी मेट्रोत असाल, कुणी भांडी घासत ऐकत असाल, कुणी स्टँडअप मीटिंगमध्ये म्यूट करून ऐकत असाल. शेवटच्यांना विशेष नमस्कार, मी तुमच्यातलाच आहे.

आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितला होता. डिसेंबर लागला की इन्स्टावर हुरडा पार्टीच्या जाहिराती सुरू होतात. माणशी नऊशे, बाराशे, पंधराशे. त्यात बैलगाडीची चक्कर, एक झोका, एक फेटा आणि थोडासा हुरडा. मग प्रश्न येतो, ‘दादा, कमी पैशात आपली आपण करता येईल का?’ येते. मी दोनदा केली. पहिल्यांदा फार स्वस्तात केली आणि वाईट केली. दुसऱ्यांदा जवळपास दुप्पट खर्च केला आणि चांगली झाली. त्या दोन्हींबद्दल आज बोलतो.

आधी पत्ता सांगतो. मी मूळचा मंगळवेढ्याचा. पंढरपूरपासून पंचवीसेक किलोमीटर. पुण्यात कोडिंग करतो, पण घरचं रान मंगळवेढ्याला आहे, काळं रान. आमच्या गावाला ज्वारीचं कोठार म्हणतात, आणि हे काही आम्हीच आमच्या तोंडानं म्हणत नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्याकडे तिला ज्वारी कमी आणि ‘शाळू’ जास्त म्हणतात. पावसाळ्याच्या शेवटाला काळ्या मातीत जी ओल मुरते, तेवढ्यावर हे पीक उभं राहतं. वर पाणी नाही, खत जवळपास नाही. थंडी पडली, दव पडलं, की शाळू खूश. जिल्ह्यातच मोहोळला संशोधन केंद्र आहे. तिथं १९३०च्या दशकात या मालदांडीतनंच ‘एम ३५-१’ हे वाण निवडलं गेलं आणि पुढं ते देशभर गेलं. म्हणजे कुठंतरी कर्नाटकात, आंध्रात भाकरी खाताना तुम्ही आमच्या जिल्ह्याचं बियाणं खाल्लेलं असू शकतं. असो, गावाचं कौतुक सुरू झालं की मी थांबत नाही.

तर पहिलं वर्ष.

ऑफिसात आम्ही बारा जण. त्यात नागपूरचा एक, केरळची एक, दोघं दिल्लीचे, बाकी इकडचे. एकदा जेवताना कुणीतरी हुरडा पार्टीची जाहिरात दाखवली, माणशी बाराशे. मी म्हटलं, ‘अरे, बाराशे कशाला? आमचं रानच आहे.’ आणि तिथल्या तिथं एक्सेल शीट उघडली. आपल्याला सवयच आहे ना, प्रॉब्लेम दिसला की शीट उघडायची. तारीख ठरली ती कशी? सगळ्यांची सुट्टी कधी, रिलीज कधी, क्लायंट कधी झोपतो, ते बघून. जानेवारीचा पहिला शनिवार. शाळूला मात्र कुणी विचारलं नाही.

घरी फोन केला. आण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, ‘या की.’ त्या ‘या की’चा अर्थ मला पुढं वर्षभरानं कळला.

हुरडा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. ज्वारीचं कणीस निसवतं, फुलोरा येतो, मग दाण्यात दूध भरतं. त्याला आम्ही ‘चिकात आलं’ म्हणतो. मग तो चीक घट्ट होत जातो, आणि दाणा कडक व्हायच्या आधी मधे एक आठ-दहा दिवसांची खिडकी येते. त्या खिडकीत दाणा हिरवा, मऊ, गोड असतो. तो म्हणजे हुरडा. ओळखायचा कसा? नखानं दाणा दाबायचा. दूध उडालं तर लवकर आहे. नख रुतलं आणि आत मऊ पिठूळ लागलं तर बरोबर. नखच रुतलं नाही तर उशीर झाला, आता भाकरीचीच वाट बघा. पेरणीपासून साधारण नव्वद ते शंभर दिवस धरा, थंडीप्रमाणं थोडं इकडं-तिकडं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. रानात वाफसाच येईना, म्हणून पेरणी ऑक्टोबरच्या मध्याला झालेली. आम्ही पोचलो त्या दिवशी आमचा शाळू ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांचा. दाबला की दूध. भाजला तर नुसता चिकट गोळा होणार. मी आगटीपाशी उभा, मागं बारा पाहुणे मोबाईल काढून तयार, आणि माझ्या रानात हुरडाच नाही! डेमोच्या वेळी सर्व्हर पडतो ना, तसं.

आण्णा काही बोलले नाहीत. मोटारसायकल काढली, चुलत्यांच्या रानात गेले. त्यांनी बारा-तेरा दिवस आधी पेरलं होतं. तासाभरात कणसांच्या दोन पेंढ्या घेऊन आले. पार्टी झाली. सगळे खूश. केरळवाली म्हणाली की तिनं आयुष्यात खाल्लेली ही सगळ्यात ताजी गोष्ट. रात्री परत जाताना गाडीतच मी शीट पूर्ण केली. एकूण खर्च २८८० रुपये, माणशी २४०. ग्रुपवर टाकली. वाहवा झाली. एकानं लिहिलं, ‘भाई, हे तर स्टार्टअप आहे.’

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. बोलता बोलता मी अभिमानानं आकडा सांगितला. ती हसली आणि म्हणाली, ‘आरं, त्यात शेण्या धरल्यास का? त्या काकूंच्या हुत्या, साठ होत्या.’ धरल्या नव्हत्या. चुलत्यांची कणसं? धरली नव्हती. स्टँडवरनं रानात आणायला शेजाऱ्यांचा छोटा हत्ती आला होता, त्याचं डिझेल? नाही. आणि आई पहाटे पाचपासून चुलीपुढं होती. बारा जणांच्या भाकरी, भरीत, पिठलं, दोन चटण्या. तिनं त्या दिवशी हुरड्याचा एक दाणा खाल्ला नाही, कारण हुरडा गरम खायचा असतो आणि ती गरम असताना चुलीवर होती. हे मी तिच्याकडनं नाही ऐकलं. फोटो बघताना लक्षात आलं. दोनशे सदतीस फोटोंत आई एका फोटोत आहे, तीसुद्धा पाठमोरी.

अजून एक. आम्ही रील काढायला उभ्या शाळूत शिरलो होतो. शाळू डोक्याच्या वर जातो, आत उभं राहिलं की भारी दिसतं. बारा जण, आत-बाहेर, आत-बाहेर. एका कोपऱ्यात चांगला खोलीएवढा पट्टा आडवा झाला. चिकात असलेलं पीक मोडलं की ते दाण्यालाही गेलं आणि धड कडब्यालाही राहिलं नाही. आण्णांनी ते पुढच्या आठवड्यात एकट्यानं कापून म्हशीला घातलं. हेही मला महिन्यानं कळलं, चुलत्यांकडनं. मी आण्णांना विचारलं, ‘तुम्ही बोलला का नाही?’ तर म्हणाले, ‘पाव्हण्यांना काय बोलायचं?’

तेव्हा मला ती शीट बघवेना. माणशी २४० रुपये हा आकडा खोटा नव्हता, फक्त उरलेलं बिल दुसऱ्यांच्या नावावर फाडलं होतं. आमच्या गावात दामाजीपंतांचं देऊळ आहे. बहामनी राजवटीत, दुष्काळात, त्यांनी सरकारी कोठार उपाशी लोकांना उघडं केलं ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या गोष्टीत धान्याची भरपाई करायला स्वतः विठोबा विठू महार होऊन बिदरला जातो. म्हणजे बघा, आमच्या संतकथेतसुद्धा फुकट वाटलेल्या धान्याचा हिशोब कुणाला तरी चुकता करावा लागतो! मी मात्र बापाचं कोठार उघडून वर शीट शेअर केली होती.

हुरडा खायला घालणं आमच्याकडे नवीन नाही, हेही सांगतो. शाळू हुरड्यात आला की पाहुण्यांना, लेकीबाळींना, मास्तरांना बोलवायचं, हे चालत आलेलंच आहे. सोलापूर, लातूर, धाराशिव या सीमेकडच्या भागात वेळ अमावस्येला तर सगळं घरच रानात जेवायला जातं. भज्जी, उंडे, आंबील, खीर. शेतातली पार्टी हा शोध पुण्यातल्या रिसॉर्टचा नाही. पण त्या जुन्या पद्धतीत परतफेड असायची. आज तू माझ्याकडं खाल्लंस, उद्या माझ्या काढणीला तू येशील. आम्ही बारा जण काढणीला थोडेच येणार होतो? शाळूची काढणी अजूनही बऱ्याच ठिकाणी हातानंच होते, ताटं मुळासकट उपटायची. हाताला फोड येतात. मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस मिळत नाही, म्हणून लोक शाळू कमी करून ऊस, डाळिंब लावतात. जे अजून पेरतात, त्यांच्याकडनं आपण फुकट खायचं, हे मला पटेना.

तर दुसरं वर्ष. आता जरा व्यवहाराचं ऐका, हे लिहून घ्या.

या वेळी मी तारीख जानेवारीचा तिसरा शनिवार धरली आणि आण्णांना गणपतीतच सांगितली, पेरणीच्या आधी. ते नुसतं ‘बरं’ म्हणाले.

पाहुणे चौदा. जाणं-येणं ज्यानं त्यानं आपापल्या खर्चानं, शुक्रवारी रात्री एसटीनं. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं आमच्या सहा मुलींचा प्रवास निम्म्यात झाला आणि मुलांनी रस्ताभर त्यावर रडगाणं गायलं.

खर्च सांगतो. शेण्या ३०० रुपये, काकूंकडनंच, पण पैसे देऊन. छोटा हत्ती स्टँड ते रान आणि परत, ८००. पाण्याचे सहा जार २४०. पत्रावळ्या-द्रोण २५०. दही पाच किलो ४००. शेंगदाणे, खोबरं, लसूण, तीळ, गूळ मिळून ९००. बोरं, ऊस, हरभऱ्याचा टहाळ ३५०. वांगी, कांदा, मिरची ३००. भाकरी-भरीत करायला वस्तीवरच्या दोघी जणी आल्या, त्यांना प्रत्येकी ५००, म्हणजे हजार. इथपर्यंत ४५४०.

मग शाळूची ओळ. आण्णा पैसे घेईनात. मी म्हटलं, ‘तुम्ही घेऊ नका, पण किती होतात ते तरी सांगा, मला शीटमध्ये लिहायचंय.’ त्यांनी कणसं मोजली नाहीत, नुसतं बघितलं आणि म्हणाले, ‘वाळून ईस किलो झाली असती.’ चाळीसच्या भावानं ८००. ताटं गुरांना झाली, म्हणून कडब्याचं काही धरलं नाही. आणि पाखरं राखायला शेजारच्या म्हातारीनं चार दिवस डबा वाजवला, तिचे रोज २०० प्रमाणं ८००. सगळं मिळून ६१४०. चौदा जणांत माणशी ४३९ येतात. मी साडेचारशे घेतले. वरचे १६० रुपये स्टँडवरच्या चहात गेले.

पाखरं का राखावी लागली, तीच गोष्ट मला सांगायची आहे. मी पोचलो तेव्हा मुख्य रानातला शाळू पिवळा पडायला लागला होता, नख रुतत नव्हतं. तो सप्टेंबरच्या शेवटाला पेरलेला. माझ्या पोटात गोळा. परत चुलत्यांकडं जावं लागणार! आण्णा म्हणाले, ‘हिकडं ये.’ बांधाच्या कडेला चार तास होते, हिरवेगार, बाकीच्यांपेक्षा थोडे बुटके. दाणा दाबला. बरोबर हुरड्यात. मी विचारलं, हे मागं कसं राहिलं? ते म्हणाले, ‘मागं पेरलं.’ माझी तारीख ऐकून त्यांनी दिवस मोजले होते आणि चार तास मोकळे ठेवून पंधरा दिवसांनी पेरले होते. तेही मालदांडी नाही, गुळभेंडी. मालदांडी भाकरीला एक नंबर, पण हुरड्याला गुळभेंडी, सुरती, कुचकुची असले वाण बरे, दाणा गोड आणि तुसातनं सहज सुटतो. बी शोधायला ते पार दुसऱ्या गावाला गेले होते. सगळ्या शिवारातला शाळू कडक झालेला आणि मधे हे चार तास मऊ, मग पाखरं तिथंच येणार ना. म्हणून ती म्हातारी आणि तिचा डबा.

मी आयुष्यभर लोकांच्या कॅलेंडरला मीटिंग इन्व्हाइट पाठवतो. माझं इन्व्हाइट कुणी जमिनीत पेरलं, असं पहिल्यांदा झालं. मी काही बोललो नाही. आमच्याकडं बोलत नाहीत. मी शेण्या फोडायला बसलो.

आता भाजायचं कसं ते. वीतभर खोल, हात-दोन हात रुंद खड्डा, त्यात शेण्या रचून पेटवायच्या. ज्वाळ असताना कणसं घालायची नाहीत, वरून करपतात आणि आत कच्ची राहतात. ज्वाळ विझून लाल आर झाला की कणसं देठाकडनं धरून आत खुपसायची, फिरवत राहायची. दाण्याचा रंग बदलला, चटचट वाजायला लागलं, की बाहेर. राख झटकायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. हात पोळतात. पहिल्या दहा मिनिटांत सगळे उत्साही असतात, मग चोळणारे दोघं आणि खाणारे बारा राहतात. यावर उपाय म्हणून आम्ही नियम केला की चार कणसं चोळल्याशिवाय खायचं नाही. नागपूरवाला सगळ्यात जास्त रडला आणि सगळ्यात जास्त चोळली त्यानंच. दाणे सुपात घेऊन पाखडायचे, तूस उडालं की लगेच खायचे. कणसं सगळी एकदम तोडून ठेवू नका. तोडून पडली की गोडी उतरते. लागतील तशी पाच-पंचवीस आणायची.

आगटी कुठं करायची हे आण्णांनी ठरवलं. वारा कडब्याच्या गंजीकडं जात नाही ना, हे त्यांनी मूठभर माती वरून सोडून बघितलं. मी फोटोला उजेड कुठला चांगला ते बघत होतो. शेजारी पाण्यानं भरलेलं पिंप ठेवा, हे सांगायलाच नको, तरी सांगतो.

सोबत काय? शेंगदाण्याची चटणी, सोलापूरकडची, कुटलेली, तेल सुटलेली. खोबरं-लसणाची चटणी. गूळ. घट्ट दही. हुरड्यावर ढसाढसा पाणी पिऊ नये, ताक प्यावं, असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात. मी कारण विचारलं नाही, ताक आवडतं म्हणून ऐकलं. आणि पोटाला सांभाळून. एका दिल्लीवाल्यानं पहिल्या वर्षी अर्धा किलो तरी खाल्ला होता आणि परतीच्या प्रवासात गाडी तीनदा थांबवली. दुसऱ्या वर्षी तो शहाण्यासारखा वागला, म्हणजे दोनदाच थांबवली.

एक गोष्ट जी कुठल्याच जाहिरातीत नसते. संडास. पहिल्या वर्षी मी हे सांगितलंच नव्हतं. आमचा संडास वस्तीवर घरी आहे, रानापासून चालत दहा मिनिटं. मुलींनी कुणी काही विचारलं नाही, त्या दिवसभर पाणीच प्याल्या नाहीत. हे मला पुढं एकीनं सांगितलं, तेही हसत हसत. दुसऱ्या वर्षी ग्रुपवर पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं: संडास घरी, रानातनं दर तासाला मोटारसायकल जाईल, लाजू नका. तुम्ही कुणाला रानात बोलावणार असाल तर चटणीच्या आधी हे ठरवा.

रीलचं काय केलं? आण्णांनी काढलेल्या कणसांच्या दोन ओळींमधून वाट करून दिली. फोटो तिथंच. आत शिरायचं नाही. कुणी कुरकुर केली नाही. सांगितलं की लोक ऐकतात, आपणच सांगत नाही.

आणि आई? त्या दोघी जणी चुलीवर होत्या, म्हणून आई आगटीपाशी बसली. तिनं केरळवालीला चोळायला शिकवलं. एकीला मराठी, एकीला मल्याळम आणि थोडं इंग्रजी, पण भाषण दोघींचं अखंड चालू होतं. माझ्याकडं आता आईचे चाळीस फोटो आहेत, त्यातल्या निम्म्यांत तिचं तोंड भरलेलं आहे.

तुमच्यातले बरेच म्हणतील, ‘तुझं रान आहे रे, आमचं काय?’ बरोबर आहे. मग असं करा. ओळखीतला शाळूवाला शेतकरी शोधा, मित्राचा मामा, ऑफिसातल्या सिक्युरिटीवाल्या काकांचं गाव, कुणीतरी निघतंच. पेरणीच्या आधी बोला, डिसेंबरात नाही. उभ्या तासांचे पैसे ठरवा, कणसं किती खाल्ली ते मोजत बसू नका. जमलं तर थोडे पैसे आधीच द्या. पेरणीच्या वेळी हातात आलेल्या पाचशेची किंमत जानेवारीतल्या हजारापेक्षा जास्त असते. स्वयंपाक करणाऱ्यांचे पैसे वेगळे द्या, त्यांच्या हातात द्या, घरमालकाच्या नाही. आणि एवढं करूनही माणशी पाचशेच्या आसपासच बसेल.

आमच्याकडं आणखी एक झालं, ते ठरवून नव्हतं झालं. परत निघताना नागपूरवाल्यानं आण्णांना विचारलं, ‘काका, ही ज्वारी विकत मिळेल?’ आण्णा म्हणाले, काढणी झाल्यावर. अकरा जणांनी दहा-दहा किलो सांगून ठेवली. पुण्यात दुकानात देतो त्यापेक्षा थोडा कमी भाव, बाजारात आण्णांना मिळतो त्यापेक्षा बरा. मार्चमध्ये एकशे दहा किलो ज्वारी मी एसटीच्या टपावरनं आणली आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये वजनकाट्यावर वाटली. वॉचमन विचारत होता, ‘सर, जॉब सोडला का?’

हा भाग मी ऑगस्टमध्ये रेकॉर्ड करतोय, ते मुद्दाम. परवा आण्णांचा फोन आला होता. पाऊस कसा आहे, म्हशीचं काय झालं, हे सगळं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाले, ‘तारीख कवा कळवतो? मला चार तास राखायला लागतील.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘का सहा ठिवू?’

मी ग्रुपवर पोल टाकलाय. चला, भेटू पुढच्या भागात.